देवासमोर मिटलेले भांडण फौजदारी न्यायालयाने किती मोजावे?

अंत्रुजकर, फोंडा (प्रश्नकर्ता)

आमच्या वाचनालयाच्या चर्चामंडळात निघालेला एक वाद अजून निकालात निघालेला नाही, म्हणून तो येथे जाणकारांपुढे ठेवतो. निमित्त आमच्याच तालुक्यातील एका गावचे आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील मुद्दाम मोघम ठेवले आहेत. बांधाच्या वादावरून दोन घरांत मारामारी झाली, एकाचा हात मोडला, पोलिसांत तक्रार गेली आणि आरोपपत्रही दाखल झाले. त्यानंतर दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालून पाकळीचा कौल (मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांवरून मिळणारा देवाचा संकेत) घेतला, दोषी ठरलेल्याने देवाला दंड भरला आणि जखमीच्या औषधपाण्याचा खर्चही दिला. आता आरोपीच्या बाजूचे म्हणणे असे की, प्रकरण देवासमोर मिटले आहे, तेव्हा न्यायालयानेही ते मिटलेच असे धरावे. आणि शिक्षा द्यायचीच असेल, तर देवळात घेतलेले प्रायश्चित्त निदान तिच्यातून वजा करावे.

मंडळात सरळ दोन तट पडले. एका गटाला वाटते की लोक ज्या धर्माच्या आधाराने बरेवाईट ठरवतात, त्याकडे न्यायाधीशाने पाठ फिरवणे म्हणजे लोकांकडेच पाठ फिरवणे होय. दुसरा गट म्हणतो की आज ग्रामदेवतेचा कौल मान्य केला, तर उद्या फतवा आणि परवा चर्चच्या न्यायाधिकरणाचा निवाडा नाकारण्यास तोंड उरणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, परंतु एक गोष्ट मला टोचते. आपण गोंयकार समान नागरी कायद्याचा अभिमान बाळगतो, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात गोव्याचे उदाहरण गौरवाने दिले. पण १८६७ च्या ज्या पोर्तुगीज नागरी संहितेवर हा अभिमान उभा आहे, तिच्याच सोबतीला १८८० चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूमनामा आहे, आणि पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर ठरावीक अटींवर पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा त्यात कागदोपत्री आहे. कॅथलिकांच्या चर्चमधील विवाहालाही आपल्याकडे कायद्यात वेगळे स्थान आहे. म्हणजे नागरी कायद्यात धर्म पूर्वीपासून बसलेलाच आहे. मग फौजदारी न्यायालयाच्या दारात मात्र त्याला पाऊल ठेवू द्यायचे नाही, हे आपण कोणत्या तर्काने म्हणतो?

सासष्टीतील वकील

आपण विचारलेल्या प्रकरणापासून सुरुवात करते, कारण त्यातील निम्मा गोंधळ तेथेच सुटतो. हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरते. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ११७(२) लागेल, आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचे ३२५. शिक्षा दोन्हीकडे सात वर्षांपर्यंतची आहे. या गुन्ह्यात तडजोड होऊ शकते, मात्र ती जखमी व्यक्तीने करायची असते आणि तिला खटला चालवणाऱ्या न्यायालयाची परवानगी लागते. परवानगी मिळाली तर परिणाम आरोपीच्या निर्दोष सुटकेचा होतो, म्हणजे शिक्षेतून काही वजा करण्याचा प्रश्नच उरत नाही. मारहाण कोयत्यासारख्या हत्याराने झाली असेल तर कलम बदलते आणि तडजोडीची ही वाट बंद होते. या सगळ्यात देव, कौल किंवा प्रायश्चित्त यांना कायद्याने कोठेही स्थान दिलेले नाही, आणि तसे स्थान देण्याची गरजही नाही. दोन माणसांचे मन देवळात वळले की पंचायतीच्या कट्ट्यावर वळले, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नसते. ते खरोखर वळले आहे का आणि दडपणाखाली वळवले गेले नाही ना, एवढेच न्यायालयाने पाहायचे असते.

आता मोठ्या प्रश्नाकडे येते. धर्म फौजदारी न्यायालयात येतच नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो येतो, पण साक्षीदार ज्या दाराने येतो त्या दाराने. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. भाऊराव लोखंडे यांच्यावर पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्याचा खटला होता. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते आणि ते विधी सोडून देणारी रूढीही शाबीत झाली नव्हती. लग्नच विधिवत नाही, म्हणून दुसरे लग्न नाही, म्हणून गुन्हा नाही. निकाल तर्काला धरून आहे, पण फौजदारी कोठडीचा दरवाजा उघडायचा की नाही हे माणूस अग्नीभोवती किती पावले चालला यावर ठरते, ही स्थिती मला आजही अस्वस्थ करते. पहिल्या पत्नीवरचा अन्याय तर दोन्ही परिस्थितींत सारखाच असतो.

गोव्यात नेमका हाच पेच टळतो. पोर्तुगालमध्ये १९१० ला प्रजासत्ताक आल्यावर विवाह हा नागरी करार ठरला. आपल्याकडे हिंदू विवाह अधिनियम लागूच नाही, आणि विवाहाचा पुरावा म्हणजे निबंधकाकडील नोंद. त्यामुळे द्विभार्या खटल्यात आमच्या न्यायाधीशाला सप्तपदी मोजत बसावे लागत नाही, नोंदवही उघडली की पुरते. अर्थात या व्यवस्थेलाही तिची स्वतःची काळी बाजू आहे. आपल्याकडे विवाहाची नोंद निबंधकापुढे दोन वेळा सह्या केल्यावर पूर्ण होते. पहिली सही करून, देवळात थाटामाटात लग्न लावून, दुसऱ्या सहीला आलाच नाही असा पुरुष आमच्या कामात नवा नाही. त्या मुलीच्या दृष्टीने लग्न झालेले असते, साऱ्या गावाने अक्षता टाकलेल्या असतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती अविवाहित असते. धर्माला दाराबाहेर ठेवण्याची किंमत कधी कधी अशा मुली मोजतात, हे धर्मनिरपेक्षतेच्या बाजूने बोलताना आपण विसरू नये.

आपल्या टोचणीचे उत्तर मी असे देईन. नागरी कायद्यात पक्षकारांमधील नाते कोणते, हे ठरवायचे असते आणि नाती रूढीतून येतात, म्हणून तेथे रूढीला जागा मिळते; ती किती असावी यावर वाद घालता येईल, आणि १८८० ची ती मुभा तर केव्हाच रद्द व्हायला हवी होती. फौजदारी खटल्यात समोरची बाजू राज्यसंस्थेची असते आणि पणाला माणसाचे स्वातंत्र्य लागलेले असते. तेथे धर्म पुरावा म्हणून तपासता येईल; दोष ठरवण्याचे किंवा शिक्षा मोजण्याचे माप म्हणून तो वापरता येणार नाही.

इतिहासाचा वाचक, दिवाडी

वकीलताईंनी केलेला पुरावा आणि माप हा भेद मला पटतो, आणि त्याला इतिहासाची साक्ष काढता येते. आमच्या दिवाडी बेटावरून पलीकडे जुने गोवे दिसते. तेथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय चालले. त्याच्या क्रौर्याची वर्णने आपण वाचलेली असतात, पण त्याच्या कार्यपद्धतीकडे आपले लक्ष कमी जाते. धर्मन्यायालय स्वतः कोणाला जाळत नसे. ते माणूस पाखंडी असल्याचा निर्णय देई आणि त्याला ‘ऐहिक सत्तेच्या’ हवाली करी. देहदंडाचा हुकूम आणि अंमलबजावणी राजाच्या न्यायव्यवस्थेची. म्हणजे धर्माचे हात स्वच्छ राहत आणि राजाच्या न्यायाधीशाला विचार करण्याचे कारण उरत नसे, कारण दोष आधीच ठरलेला असे. १७३६ च्या फर्मानाने तर अंगणातील तुळस आणि मीठ न घालता शिजवलेला भात हेही चौकशीचे विषय केले होते. ऐहिक न्यायाधीशाने दोषनिश्चिती दुसऱ्याकडे सोपवली की काय होते, हे पाहण्यासाठी गोंयकाराला दूर जावे लागत नाही.

मात्र ब्रिटिश अमलातील एक उदाहरण मला अधिक बोधक वाटते, कारण तेथे हेतू क्रौर्याचा नव्हता. कंपनी सरकारने बंगालमध्ये सतीच्या बाबतीत पंडितांचे मत मागवले आणि १८१३ च्या सुमारास सूचना काढल्या की, स्त्री स्वेच्छेने जात असेल, अल्पवयीन किंवा गरोदर नसेल आणि तिला नशा दिलेली नसेल, तर शास्त्राला धरून होणाऱ्या सहगमनाला अडवू नये. पोलिसांनी हजर राहून खात्री करावी. म्हणजे फौजदारी यंत्रणा चितेजवळ उभी राहिली ती शास्त्राचे नियम पाळले जातात का, हे पाहण्यासाठी. बंगाल इलाख्यात १८१५ मध्ये ३७८ सतींची नोंद झाली होती आणि १८१८ मध्ये ८३९. या वाढीमागे कॉलऱ्याची साथ आणि नोंदी अधिक काटेकोर होणे हीही कारणे होती, परंतु सरकारी हजेरीने प्रथेला मान्यतेचा शिक्का बसला, असे त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांनाही वाटत होते. अखेर १८२९ मध्ये बेंटिंकने शास्त्रार्थाचा नाद सोडून सतीला साह्य करणे हा गुन्हाच ठरवला.

आपल्या मंडळातील पहिला गट बहुधा रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेईल, म्हणून आधीच सांगतो. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही परंपरेने आलेली कथा आपल्याला भूषणावह वाटते, आणि ती तशी आहेही. धर्मशास्त्राने सत्ताधीशालाही सोडले नाही, असा तिचा अर्थ आपण लावतो. पण त्याच शास्त्रात एकाच अपराधाला वर्णानुसार वेगवेगळे दंड आहेत, आणि मनुस्मृतीत ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडन सांगितले आहे. शिवाय राघोबाने ते प्रायश्चित्त घेतले नाही. नोकरी सोडून पुण्याबाहेर जावे लागले ते शास्त्रीबुवांना. आपण गौरव करतो तो शास्त्राचा नसून एका माणसाच्या धैर्याचा आहे.

सत्तरीतील निवृत्त शिक्षक

वरील दोन्ही उत्तरे विद्वत्तापूर्ण आहेत, पण ती शहरात बसून लिहिलेली आहेत असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. आमच्या भागात एका मारामारीचा खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार कामधंदा बुडवून तारखांना जातात आणि शेवटी जखमी माणसाच्या हाती काही पडत नाही. देवळात मात्र दोन दिवसांत खर्चाची भरपाई होते, दोघे एकमेकांना नारळ देतात आणि पुढच्या जत्रेला एकत्र उभे राहतात. न्यायाचा हेतू समाजात पुन्हा सलोखा निर्माण करणे हा असेल, तर हा हेतू साध्य करणारी रीत केवळ धार्मिक आहे म्हणून त्याज्य का ठरावी?

दुसरे असे की, क्षमेचे मूल्य धर्मांनी ओळखले आहे, आधुनिक कायद्याने मात्र ते गमावले आहे. इस्लामी कायद्यात खून झालेल्याच्या वारसांना मारेकऱ्याला क्षमा करण्याचा किंवा रक्तमूल्य घेण्याचा अधिकार असतो. येमेनमध्ये मृत्युदंड झालेल्या केरळच्या परिचारिकेची फाशी जुलै २०२५ मध्ये लांबणीवर पडली, तेव्हा तिला वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या लोकांची आशा याच तरतुदीवर होती, आणि भारतातील सर्व धर्मांच्या माणसांनी त्या आशेला साथ दिली. तेथे आपल्याला धर्मशास्त्र चालते आणि येथे चालत नाही, ही विसंगती नव्हे का? गोव्यातील एखाद्या आईने आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला श्रद्धेपोटी क्षमा केली, तर तिच्या शब्दाला न्यायालयात काहीच किंमत नसावी, हे मला माणुसकीला धरून वाटत नाही.

सासष्टीतील वकील

गुरुजी, खटले रखडण्याबद्दल आपण जे लिहिले त्यातील एक शब्दही मी नाकारणार नाही. पण क्षमेचा मुद्दा मला थांबून तपासावासा वाटतो.

वारसांनी क्षमा केली की खुनी सुटतो, हा नियम आपल्या देशातही होता. कंपनीच्या अमलात बंगालची फौजदारी न्यायालये इस्लामी कायद्याने चालत आणि काझी-मुफ्ती न्यायाधीशाला मत देत. १७९० नंतर कॉर्नवॉलिसच्या सुधारणांनी वारसांचा हा अधिकार काढून घेतला. परक्या सरकारचे त्यामागे स्वतःचे हेतू होतेच, तरी नियमातील दोष खरा होता: गरीब वारसाला पैसे देऊन किंवा धाक घालून क्षमा मिळवता येत होती. पाकिस्तानात हा नियम पुन्हा आला आणि त्याचा सर्वांत वाईट उपयोग घराण्याच्या अब्रूसाठी केलेल्या खुनांत झाला. भावाने बहिणीला मारले तर क्षमा करणारे वारस त्यांचेच आईवडील; म्हणजे मारणारा आणि माफ करणारे एकाच घरातले, आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही. समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच या तरुणीच्या अशाच खुनानंतर २०१६ मध्ये तेथील संसदेलाही कायदा बदलून अशा खुनात, कुटुंबाने माफ केले तरी, जन्मठेपेची तरतूद करावी लागली. येमेनच्या बाबतीत आपण जी साथ दिली ती एका स्त्रीचा जीव वाचावा म्हणून. तेथील कायद्यात जी फट उपलब्ध होती तिचा आधार घेणे म्हणजे तो कायदा आपल्याकडे आणावा असे म्हणणे नव्हे.

आईच्या शब्दाला किंमत नाही, हेही पूर्ण खरे नाही. शिक्षेच्या प्रमाणावर सुनावणी होते तेव्हा अशा गोष्टी न्यायाधीशापुढे येऊ शकतात. पण खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे तडजोडीने मिटवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, कारण अशा गुन्ह्यांत समाजही पीडित असतो.

कायद्याचा विद्यार्थी, पणजी

वरील चर्चेत न्यायाधीशाच्या स्वतःच्या मनातील धर्म हा भाग राहिला, म्हणून थोडे लिहितो. धर्मशास्त्राचा प्रभाव पडायला त्याचे कलम उद्धृत करावेच लागते असे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉबर्ट हार्लन या खुन्याच्या खटल्यात ज्यूरीतील काही जणांनी विचारविनिमयाच्या वेळी बायबल आणून ‘डोळ्याच्या बदली डोळा’ हे वचन वाचले होते. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मृत्युदंड टिकू दिला नाही आणि आरोपीला जन्मठेप झाली. ज्यूरीच्या सदस्याने आपल्या श्रद्धेतून घडलेला विवेक घेऊन यावे, पण पुराव्यात नसलेला लिखित नियम खोलीत आणू नये, असा फरक बहुमताने केला. अल्पमतातील न्यायाधीशांना तो कृत्रिम वाटला. ज्याला वचन पाठ आहे त्याचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मलाही अवघड वाटते.

आपल्याकडे ज्यूरी नाही, पण न्यायाधीश माणूसच असतो. पुण्यात २०१४ मध्ये एका मुस्लीम तरुणाचा जमावाने खून केला. त्या खटल्यातील काही आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, ही बाब आरोपींच्या बाजूने धरली आणि ते धर्माच्या नावाने चिथावले गेले होते असे नमूद केले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला आणि देशाच्या बहुविध स्वरूपाचे भान न्यायालयांनी ठेवले पाहिजे असे सुनावले. येथे कोणी स्मृती किंवा शरियत उघडली नव्हती. तरीही धर्माची भावना गुन्ह्याची तीव्रता कमी करणारे माप बनली होती, आणि मला तर ग्रामदेवतेच्या कौलापेक्षा हे कितीतरी अधिक धोक्याचे वाटते. कौल उघड असतो, त्याला नाही म्हणता येते.

अंत्रुजकर, फोंडा

सर्वांचे आभार. मंडळातील पहिल्या गटाला ही उत्तरे वाचून दाखवली. गुरुजींच्या उत्तरावर टाळ्या पडल्या आणि पाकिस्तानच्या उदाहरणावर शांतता पसरली. वकीलताईंना दोनच शंका विचारतो. देवाला भरलेला दंड जखमीच्या नुकसानभरपाईत धरला जाईल का? आणि तडजोडीचा अर्ज दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी सह्या करून दिला तर चालेल का?

सासष्टीतील वकील

दोन्हींचे उत्तर नाही. देवाला भरलेली रक्कम देवस्थानाकडे गेली, मोडलेल्या हाताच्या मालकाकडे नाही. त्याला प्रत्यक्ष मिळालेला औषधपाण्याचा खर्च तेवढा न्यायालयाला सांगता येईल, पावत्या असतील तर जोडाव्यात. अर्ज मात्र जखमीच्या स्वतःच्या सहीचा हवा, आणि दंडाधिकारी त्याला समोर बोलावून तो राजीखुशीने आला आहे का हे विचारतील. आपण लिहिलेल्या हकिकतीत वडीलधारे बोलले, देव बोलला, आरोपीची बाजूही बोलली. जखमी माणूस काय म्हणतो ते अजून कोठेच आलेले नाही. अर्ज करण्याआधी त्याला एकट्याला, घरच्यांशिवाय, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवावे. पात्र व्यक्तीला तेथे वकील विनामूल्य मिळतो, आणि तो दुसऱ्या कोणत्याही घराचा नसतो.